समुद्रात फेकलेल्या मालाचा कायदा

डुकरांच्या चोरीबद्दल इतकं बारकाईनं लिहिलेलं दुसरं काही मी आजवर वाचलेलं नाही. फ्रँक नावाच्या जुन्या टोळ्यांचा ‘लेक्स सालिका’ हा कायदा आहे. लॅटिनमध्ये लेक्स म्हणजे कायदा. त्यात दूध पिणारं पिल्लू चोरलं तर एक दंड, जरा मोठं झालेलं चोरलं तर दुसरा, आणि मधमाश्यांची पोळी पळवली तर त्याचा हिशेब पुन्हा वेगळा. हे सगळं मी टोरंटोतल्या नॉर्थ यॉर्कच्या एका लायब्ररीत बसून वाचत होते आणि त्या वेळी मी खरं तर कॅनडाची राज्यघटना वाचत असायला हवी होती.

नाशिकच्या कोर्टात बरीच वर्षं काळा कोट घालून मी इकडे आले होते. इथे वकिली करायची तर पुन्हा परीक्षा देणं भाग होतं. नवऱ्याची नोकरी किचनरला, सॉफ्टवेअरची. मी दर शनिवारी नॉर्थ यॉर्कला अभ्यासाच्या गटाला जायचे. त्याच लायब्ररीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापिका जुन्या कायद्यांवर फुकट व्याख्यानं देत असे. एकदा चुकून आत शिरले आणि मग तिथलीच झाले. ‘लेक्स ओपिया’ म्हणजे रोमच्या बायकांनी सोनं किती अंगावर घालावं याची मर्यादा. बायकांनी रस्ते अडवले, पुढाऱ्यांना घेराव घातला आणि तो रद्द करून घेतला. ‘लेक्स अक्विलिया’ म्हणजे नुकसानीचा कायदा. त्यावर विद्वानांनी वाद घातलाय तो असा: न्हावी मैदानाशेजारी गिऱ्हाइकाची दाढी करतोय, कुणाचा तरी चेंडू त्याच्या हातावर बसला आणि वस्तऱ्यानं गळा कापला. मग चूक कुणाची? चेंडू मारणाऱ्याची, न्हाव्याची, की अशा जागी दाढीला बसलेल्या शहाण्याची?

“हे परीक्षेला येणार आहे का?” नवरा विचारायचा.

“नाही.”

“मग?”

“मग काय? मला जाणून घ्यायचंय,” मी म्हणायचे आणि जरा जोरातच म्हणायचे. ज्याचा त्याचा उपयोग विचारणाऱ्या माणसांचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

किचनरहून टोरंटोकडे जायला मी मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून गाडीत जागा शोधायचे. एक पुण्याचा इंजिनियर दर शनिवारी स्कारबरोला सासुरवाडीला जाई, तो वाटेत मला सोडायचा. माणूस भला, पण प्रत्येक गोष्टीत त्याचा अभ्यास झालेला असायचा. हिवाळ्यात सगळे गाडीला विंटर टायर्स लावतात. यानं लावले नव्हते. “ऑल-सीझन टायर्स इनफ आहेत, वकीलबाई. मी रिसर्च केलाय,” असं तो दर वेळी सांगायचा, मी विचारलेलं नसलं तरी.

दोन हजार सतराच्या जानेवारीतल्या एका शनिवारी त्या गाडीत आणखी दोघी होत्या. एक जळगावची विद्यार्थिनी, कॉलेज करून कॉफीच्या दुकानात काम करणारी. तिची त्या दिवशी स्कारबरोत इंग्रजीची परीक्षा होती. त्या गुणांवर तिचा पर्मनंट रेसिडन्सीचा अर्ज जाणार होता, आणि पुढची तारीख मिळेपर्यंत तिचं परमिट संपलं असतं. ती सारखी घड्याळ बघत होती. दुसऱ्या होत्या वसईच्या एक मावशी, पन्नाशी ओलांडलेल्या. किचनरला मुलीकडे राहायच्या आणि आमच्यातल्या नोकरदार आयांची पोरं दिवसभर सांभाळायच्या. त्यांचा मुलगा स्कारबरोला होता. पुढच्या आठवड्यात त्याचं लग्न, फिलिपिनो मुलीशी. दोघंही कॅथलिक, चर्च ठरलेलं, आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आत उरकायचं म्हणून ऐन थंडीत.

मावशींनी डब्यातून सांदणं आणली होती, ती आम्ही गाडी हायवेला लागायच्या आतच संपवली. मांडीवर एक कापडी पिशवी होती, ती मात्र त्या खाली ठेवायला तयार नव्हत्या.

“त्यात काय आहे एवढं?” मी विचारलं. मला राहवत नाही.

त्यांनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत लाल चौकड्यांचं जाडजूड लुगडं होतं, त्यांच्या आईचं. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजत-गाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात आणि मामा त्या पाण्यानं नवऱ्यामुलाला आंघोळ घालतो. तेव्हा नवऱ्याच्या आईनं हे लुगडं नेसायचं. आता असं लुगडं विणणारं कुणी राहिलेलं नाही.

“भावाचा विसा रिजेक्ट झाला,” त्या म्हणाल्या. “बहिणीचा पण. नवरा तर कधीच गेला देवाघरी. मुलीचं बाळंतपण दहा दिवसांवर, डॉक्टर तिला गाडीत बसू देत नाही. पोरीकडची माणसं इतकी येणारेत, हॉल पुरायचा नाय. आणि आमच्या बाजूला मी एकटी. चर्चमध्ये बाकावर एकटी बसू का काय? मग म्हटलं, आईचं लुगडं नेसते. तेवढंच आपलं कुणीतरी बरोबर.”

हे त्या हसत सांगत होत्या. मी घाईनं विषय बदलला आणि फ्रँकांची डुकरं, रोमचा न्हावी, सोनं असं सगळं सांगत सुटले.

मिल्टन गावाच्या अलीकडे बर्फ एकदम वाढला. पुढे अपघात होऊन हायवे बंद झाला होता. फोननं शेतांमधून जाणारा रस्ता सुचवला आणि इंजिनियरसाहेबांनी तो विश्वासानं पकडला. एका वळणावर गाडी हळूच, अगदी शांतपणे घसरली आणि कडेच्या उथळ चरात जाऊन बसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

टो ट्रकवाल्यानं फोनवर दुपार होईल म्हणून सांगितलं. फावडं गाडीत नव्हतं. रबरी मॅट्स चाकांखाली सरकवल्या, त्या मागे उडून पडल्या. बर्फ उपसणारा सरकारी ट्रक आला, त्यानं आमच्याकडे आणखी बर्फ लोटला आणि तो निघून गेला. विद्यार्थिनी हातानं बर्फ उकरत होती. “दादा, प्लीज, काहीतरी करा ना. मी रिशेड्यूल नाही करू शकत. माझं सगळं संपेल हो,” असं म्हणता म्हणता ती रडायलाच लागली. तिनं अंगातलं जॅकेट काढून चाकाखाली घालायला घेतलं.

“घाल ते अंगात आधी!” मावशी ओरडल्या. “न्यूमोनियानं मरायचंय?”

मग त्या गाडीत जाऊन पिशवी घेऊन आल्या. आम्हाला काही कळायच्या आत त्यांनी लुगडं उलगडलं, दातांनी काठ तोडला आणि मधोमध फाडलं. जाड सुती कापड फाटतानाचा तो आवाज त्या मोकळ्या शेतात फार मोठा वाटला. एक तुकडा त्यांनी या चाकाखाली कोंबला, दुसरा त्या.

“मावशी, अहो हे काय!” मी म्हटलं.

“गप. ढकल तू.”

आम्ही तिघींनी ढकललं. चाकांनी कापड ओढून घेतलं, चिखल आणि काळं पाणी उडालं, आणि गाडी धक्का देऊन रस्त्यावर आली. मावशींनी चिंध्या गोळा केल्या आणि ग्रोसरीच्या प्लास्टिक पिशवीत भरल्या. आम्ही गाडीत बसलो आणि निघालो.

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तोवर एकच गोष्ट फिरायला लागली होती आणि ती मी बोलून गेले. ‘लेक्स रोडिया’. ऱ्होड्स बेटावरच्या खलाशांचा रिवाज, रोमन लोकांनी उचललेला. वादळात जहाज हलकं करायला एखाद्याचा माल समुद्रात फेकला आणि जहाज वाचलं, तर तो तोटा त्या एकट्याचा नाही. ज्यांचं ज्यांचं वाचलं त्या सगळ्यांनी मिळून तो भरायचा.

“बरोबरच आहे,” विद्यार्थिनी लगेच म्हणाली.

“वेट, वेट,” इंजिनियर म्हणाला. “म्हणजे मी पण भरायचं? गाडी माझी आहे.”

“जहाजाच्या मालकालाही चुकत नाही. जहाज वाचलं ना?”

“आणि तुमचं काय वाचलं?”

“माझं व्याख्यान,” मी म्हटलं, आणि मग मला स्वतःलाच प्रश्न पडला, व्याख्यानाची किंमत कशी करायची? त्या जुन्या पंडितांनी याचाही कीस काढलाय. बोटातली अंगठी धरायची का? हो, वजनाला नगण्य असली तरी धरायची. सगळ्यांनी मिळून खायला आणलेलं अन्न? ते नाही धरायचं.

“म्हणजे माझी सांदणं गेली फुकट,” मावशी शेजारून म्हणाल्या आणि त्यांचा आवाज ऐकून आम्हाला जरा हायसं वाटलं.

“आणि मी?” विद्यार्थिनीनं विचारलं. “माझ्याकडे तर काहीच नाहीये. फक्त मीच आहे.”

“स्वतंत्र माणसाची किंमत करता येत नाही, असं म्हणतात ते. तू सुटलीस.”

“पण कप्तानाच्या चुकीनं जहाज रुतलं असेल तर?” मावशींनी शांतपणे विचारलं.

मागच्या सीटवर मावशी आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. इंजिनियरचे कान लाल झाले. “ही टायर्सची मिस्टेक नाहीये. ब्लॅक आइस होता, तो दिसतच नाही. इट्स नोबडीज फॉल्ट,” असं तो नॉर्थ यॉर्क येईपर्यंत तीन-चारदा म्हणाला. मला उतरवून तो त्या दोघींना पुढे घेऊन गेला. मुलगी परीक्षेला वेळेत पोचली.

मी तो आठवडा अस्वस्थ होते. त्याच शनिवारी व्याख्यानानंतर प्राध्यापिकेला सगळी हकिगत सांगितली होती. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि लुगडं म्हणजे काय, किती लांब, ते कसं नेसतात, फाटलेलं जोडता येतं का, असं सारं विचारलं. शेवटी म्हणाली, की रोमन लोकांकडे याला उत्तर नाही. त्यांचा कायदा बाजारात मिळणाऱ्या मालाचा. बाजारात न मिळणाऱ्या वस्तूची भरपाई कशानं करायची, हे मला कुणी सांगेना. वसईच्या एका ओळखीच्यांना फोन केला, त्यांनी कुणाकुणाच्या पेट्या धुंडाळल्या. जी लुगडी होती ती कुणी देईना आणि मागायला मला तोंड नव्हतं.

बुधवारी मावशींचाच फोन आला.

“ते तुझं रोमन लोकांचं, ते खरं का गं?”

“कायदा खरा आहे. पण इथे कोर्टात काही...”

“कोर्टात कोण जातंय? मला माझी भरपाई पाहिजे. तू वकील ना? तर त्या दोघांना कळव.”

मी इंजिनियरला फोन केला. तो म्हणाला, “सी, मी गिफ्ट कार्ड वगैरे द्यायला रेडी आहे. पण लीगली ऑब्लिगेशन म्हणून नाही.” विद्यार्थिनी म्हणाली, “ताई, मी पुढच्या पगारातून देईन, चालेल?” मला दोघांचाही राग आला आणि मावशींचाही थोडा आला. वाटलं, त्यांनी नको मागायला होतं. अशा गोष्टी मागून कमी होतात, असं मला वाटायचं.

मी त्यांना परत फोन लावला. “सगळे तयार आहेत. किती ते सांगा.”

“किती म्हणजे?” मावशींना हसू आवरेना. “अगं, माणसं पाहिजेत मला. तुम्ही तिघं शुक्रवारी पाणी आणायला या. एक मामा पाहिजे, एक करवली पाहिजे, आणि तू आहेस मावशी. माझी बहीण म्हणून ये. शनिवारी माझ्या बाकावर बसा. त्या पोरीला सांग, किंमत नाही म्हणून ती सुटली नाय. तीच मला पाहिजे.”

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. नवऱ्यानं काय झालं विचारलं. परीक्षेला येणार नाही असंच काहीतरी, एवढं मी सांगितलं.

इंजिनियरला मामाचं सांगितलं तेव्हा तो घाबरला. “पण मला त्यांचे विधी येत नाहीत. काही मंत्र असतो का?” मग दोन दिवस तो मला मेसेज करत होता: धोतर की कुर्ता, पाणी किती, गरम चालतं का. त्याचा अभ्यास सुरू झाला होता आणि या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही स्कारबरोच्या त्या घरी पोचलो. विहीर कुठून आणणार? मागच्या अंगणातला नळ हिवाळ्यासाठी बंद केलेला. शेवटी मावशींनी बेसमेंटमधल्या लाँड्रीच्या सिंकलाच विहीर ठरवलं. त्याला झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा घातल्या, मेणबत्ती लावली. नवरीकडच्या मावश्या-आत्या जिन्यावर दाटीनं उभ्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. विद्यार्थिनीनं डोक्यावर घागर घेतली, खरं तर ते स्टीलचं पातेलंच होतं, आणि आम्ही घरभर एक फेरी मारून पुन्हा खाली आलो. मावशी गाणं म्हणत होत्या. आम्हाला शब्द येत नव्हते, म्हणून प्रत्येक ओळीचा शेवट तेवढा आम्ही मागून ओढत होतो. त्या नेहमीच्या रेशमी साडीत होत्या. मी त्यांच्या साडीकडे बघायचं टाळत होते.

नवरामुलगा अर्ध्या चड्डीत प्लास्टिकच्या स्टुलावर कुडकुडत बसला होता. “मम्मा, कॅन वी डू इट फास्ट? आय ॲम फ्रीझिंग.”

“थांब. मामाचा फोन लागू दे.”

वॉशिंग मशिनवर फोन उभा करून ठेवला होता. वसईत पहाट होती. पडद्यावर एक पांढऱ्या केसांचा माणूस आला, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. त्याच्या मागे घरातली आणखी चार-पाच तोंडं. तो खरा मामा. ज्यानं पाणी घालायचं तो. आमचा मामा तांब्या हातात घेऊन ताठ उभा राहिला, शाळेत उभं केल्यासारखा.

“नमस्कार दादा,” तो म्हणाला. “मी... म्हणजे तुमच्या जागेवर.”

“हां, बायनं सांगितलं. बरं झालं आलात,” तो माणूस म्हणाला. मग त्याचे डोळे आमच्यावरून फिरत बहिणीवर जाऊन थांबले. “बाय, आईचं लुगडं कुठाय? नेसली नाय तू?”

मावशींनी त्याला सांगितलंच नव्हतं. त्या सिंकच्या नळाशी काहीतरी करायला लागल्या. नळ बंदच होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, वकिलाला शोभेल असं. जिन्यावरच्या बायकांनाही काहीतरी बिनसल्याचं समजलं असावं, कारण टाळ्या थांबल्या.

“दादा,” इंजिनियर म्हणाला, “ते माझ्या गाडीखाली गेलं. गाडी बर्फात रुतली होती. टायर्स बरोबर नव्हते माझे. मावशींनी ते फाडून चाकाखाली घातलं. माझ्यामुळे गेलं ते.”

ते त्याच्याही आईचं लुगडं होतं. त्यानं तोंडावरून एकदा हात फिरवला आणि बाजूला कुठेतरी बघितलं.

“गाडीत कोण कोण होतं?” त्यानं विचारलं.

“आम्हीच. हे तिघं आणि मी,” मावशी नळाकडे बघतच म्हणाल्या.

तो पडद्याजवळ सरकला. आमची तोंडं त्यानं एकेक करून नीट बघितली, माझं, पातेलेवाल्या पोरीचं, तांब्यावाल्याचं.

“माणसं आलीत ना घरी?” तो म्हणाला. “मग घाला पाणी, भाऊ. डोक्यावरून सोडा, खांद्यावरून नको. गार होतंय ते.”